'फक्त जरा नीट करून द्या' म्हणणाऱ्या ग्राहकाचं काय करू?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बारा वर्षं ग्राफिक डिझाइन करते. आधी एका स्टुडिओत होते, गेली सात वर्षं स्वतःचं काम आहे आणि हाताखाली एक मुलगा आहे. लोगो, पॅकेजिंग, माहितीपुस्तिका, सोशल मीडियाच्या पोस्ट, असं मिळून भागत होतं. गेल्या दीड वर्षात पोस्टचं काम जवळजवळ थांबलं. ग्राहक ते टेम्पलेटमधून स्वतःच करतात. आता नवा प्रकार सुरू झालाय. जुने ग्राहक एआयकडून बनवलेला लोगो पाठवतात आणि म्हणतात, "डिझाइन तर तयारच आहे, फक्त जरा नीट करून द्या." पैसेही नीट करण्यापुरतेच. मागच्या महिन्यात असं एक काम घेतलं. चार दिवस गेले आणि मिळाले ते एका दिवसाचेही नव्हते. ते चित्र सोबत जोडते आहे. डिझायनर हे घटत चाललेल्या नोकऱ्यांपैकी आहे, असा जागतिक अहवाल नवऱ्याने परवा वाचून दाखवला. अशी कामं नाकारू का? मुलाला जा म्हणू का? की चाळिशीच्या आत दुसरंच काही शिकून घेऊ? आणखी एक, हे कुणाला सांगितलेलं नाही: फोटोंच्या बॅकग्राउंड मीही एआयने वाढवते आणि बिलात तास मात्र पूर्वीइतकेच लावते.

– फायनल_फायनल_७

प्रिय फायनल_फायनल_७,

सहीवरूनच कळलं, बाई आपल्यातली आहे. माझ्या एका जुन्या डिस्कवर 'फायनल_खरंच_शेवटचं_११' नावाची फाइल आहे. तीही शेवटची नव्हती.

तुमचं सगळ्यात शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. ते तुम्ही जाता जाता, मान खाली घालून लिहिलंय, पण खरी गोम तिथेच आहे. ग्राहक म्हणतो, चित्र मिनिटात झालं, मग पैसे कसले? त्याचा तुम्हाला राग येतो. तुमच्याकडे बॅकग्राउंड मिनिटात वाढते तेव्हा तुम्ही ते लपवता, कारण कळलं तर तो हेच विचारेल. म्हणजे कामाची किंमत तासांवर ठरते, हे तुम्हा दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते घड्याळ कुणी पाहायचं याचं.

अपराधी वाटून घ्यायचंच असेल तर कशाबद्दल, ते नेमकं ठरवा. साधन वापरलं याबद्दल मुळीच नको. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० सालची. एका क्लिकमध्ये सारख्या रंगाचा भाग निवडून देणारी जादूची कांडी तिच्यातही होती. २०१० मध्ये कंटेंट-अवेअर फिल, म्हणजे पुसलेली जागा आजूबाजूचं पाहून आपोआप भरणारं साधन, आलं आणि आपण सगळ्यांनी फोटोंतले विजेचे खांब मजेत उडवले; त्या रात्री कुणाची झोप उडाली नाही. २०२३ मधलं, एआयने नवं चित्र रचून जागा भरणारं जनरेटिव्ह फिल त्याच रस्त्याने पुढे गेलंय, फार पुढे गेलंय इतकंच. चूक आहे ती न झालेले तास बिलात लिहिण्यात, आणि ती आजपासून बंद करा. तासांचा रकानाच काढून टाका. कामाचा एक आकडा सांगा, काम सुरू होण्याआधी सांगा, आणि खाली एक ओळ लिहा की फोटोचा अमुक भाग एआयने वाढवलेला आहे. दोघे-तिघे कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आता ते चित्र. वर्तुळात पंख पसरलेला पक्षी, खाली नाव. मोबाइलवर पाहिलं तर देखणं आहे, हे कबूल करू. मग मी ते मोठ्या पडद्यावर ४०० टक्क्यांवर उघडलं. फाइल १०२४ बाय १०२४ पिक्सेलची, म्हणजे ३०० डीपीआयने, इंचाला ३०० ठिपके धरून, छापायची तर जेमतेम साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटर. वर्तुळ उजवीकडे खाली चपटं झालंय. डाव्या पंखात पाच पिसं, उजव्यात सात, आणि सातवं पीस वर्तुळाच्या रेघेत विरघळतं. नावात 'र' दोनदा येतो. ते दोन 'र' चुलत भाऊ वाटतात, एकच अक्षर वाटत नाहीत. जोडाक्षराच्या जागी जे आहे ते कुठल्याच वर्णमालेत नाही, आणि शिरोरेषा मध्येच दम लागल्यासारखी थांबते. काळा म्हणून जो रंग दिसतो तो काळ्याच्या जवळपास फिरणाऱ्या कितीतरी छटांचा आहे. मी ऑटो ट्रेसही, म्हणजे चित्रावरून सॉफ्टवेअरनेच रेघा काढणं, करून पाहिलं. एवढ्याशा पक्ष्याला अकराशे नोड, म्हणजे रेघ वळवणारे बिंदू, पडले. हाताने काढला तर तीस-चाळीसात बसेल.

हे असं का होतं ते ग्राहकाला समजावून सांगता आलं पाहिजे, म्हणून थोडं सांगते. चित्र बनवणारी यातली बरीच मॉडेल ठिपक्यांच्या निव्वळ गोंगाटापासून सुरुवात करतात आणि तो टप्प्याटप्प्याने निवळत नेतात, कोट्यवधी चित्रांत जे सोबत दिसलं त्याच्या अंदाजाने. त्या फाइलमध्ये वर्तुळ नावाची वस्तू नसते, फॉन्ट नसतो, रेघही नसते. असतात ते वर्तुळासारखे दिसणारे ठिपके. आपण 'नीट करायला' बसतो तेव्हा धरायला काही हातालाच लागत नाही. तुमचे चार दिवस कुठे गेले, आता कळलं? तुम्ही नवा लोगो काढत होतात, आणि वर दुसऱ्याच्या चुकांशी तो जुळवून घेत होतात. कोऱ्या कागदावरून सुरुवात केली असती तर दोन दिवसांत झाला असता.

म्हणून अशी कामं नाकारू नका, पण 'नीट करणं' या नावाखाली घेऊही नका. ग्राहकाने पाठवलेलं चित्र म्हणजे त्याची मागणी आहे, शब्दांऐवजी चित्रात सांगितलेली. खरं सांगू? पूर्वीच्या "काहीतरी मॉडर्न पण पारंपरिक, साधं पण उठावदार" या मागणीपेक्षा ही किती तरी बरी. पुढच्या वेळी साधारण असं कळवा:

"चित्र पाहिलं, तुम्हाला काय हवंय याचा चांगला अंदाज आला. हीच फाइल छपाईला, शिक्क्याला आणि मोबाइलच्या छोट्या आयकॉनला चालणार नाही. का ते दाखवणारं एक पान सोबत जोडलं आहे. हे चित्र संदर्भाला धरून मी लोगो नव्याने काढून देईन. त्याचे पैसे लोगोच्या कामाचे असतील. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून काम करून घेणार असाल तरी हे पान त्यांच्या उपयोगी पडेल."

त्या पानावर शब्द कमी आणि चित्रं जास्त ठेवा. ते दोन 'र' शेजारी शेजारी मोठे करून लावा. पक्षी सोळा पिक्सेलचा करून दाखवा, म्हणजे तो काळा ठिपका होतो. एकाच रंगात करून दाखवा, म्हणजे पिसं नाहीशी होतात. पहिलं पान फुकट द्या. सवय झाली की याच तपासणीचे वेगळे पैसे लावा. एआयची चित्रं छापायला निघालेल्या लोकांना ती तपासणी लागणारच आहे, आणि ती करायला नजर लागते.

काही जण तरीही जातील. त्यांतल्या काहींचं जाणं योग्यही असेल. एका संध्याकाळच्या कार्यक्रमाची पोस्ट करायला बारा वर्षांचा अनुभव लागत नाही. माझ्या भाचीच्या वाढदिवसाचं निमंत्रण मी स्वतः टेम्पलेटमधून केलं, फक्त फॉन्ट बदलला. घरात सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मी ते गुपचूप घेतलं.

यावरून पोस्टच्या कामाकडे येते, आणि इथे तुम्हाला धीर द्यायला माझ्याकडे फारसं काही नाही. ते काम परत येणार नाही. तयार टेम्पलेट देणारं कॅनव्हा २०१३ पासून आहे. चित्र बनवणारी साधनं सगळ्यांच्या हातात पडली ती २०२२ मध्ये, जुलैपासून पुढे काही महिन्यांच्या आत एकामागून एक. त्याच्याही पाच वर्षं आधी, २०१७ मध्ये, चीनमधल्या अलीबाबा कंपनीच्या 'लुबान' नावाच्या प्रणालीने एका खरेदी-उत्सवासाठी सुमारे ४० कोटी बॅनर तयार केले होते. एवढे बॅनर माणसांनी कधीच केले नसते, तेव्हा ते सगळे कुणाच्या हातून हिसकावले असं म्हणता येत नाही. पण एकच मांडणी अठरा मापांत बसवून देण्याचे पैसे मिळण्याचे दिवस संपत आलेत, ही घंटा तेव्हाच वाजली होती. आपण ऐकली नाही.

तेव्हा एक दुपार काढा आणि गेल्या वर्षाची सगळी बिलं समोर घेऊन बसा. ज्या कामात तुम्हाला काहीच ठरवावं लागलं नाही, माप बदललं, तारीख बदलली, बॅकग्राउंड कापली, त्यावर लाल रेघ मारा. जिथे काय ठेवायचं, काय गाळायचं हे तुम्ही ठरवलंत तिथे निळी. आणि जिथे तुमची चूक झाली असती तर कुणाचं तरी भरून न येणारं नुकसान झालं असतं, तिथे काळी. काळ्या रेघेचं उदाहरण माझंच देते. एकदा गडद पाकिटावर पांढरी अक्षरं होती आणि माझ्या हातून ती ओव्हरप्रिंटवर, म्हणजे खालचा रंग न कापता वरून छापण्यावर, राहिली. माझ्या पडद्यावर स्वच्छ दिसत होती. छापून आली तेव्हा पाकिटावर अक्षर म्हणून नव्हतं, कारण पांढऱ्याची शाई नसते आणि खालचा रंग कापला गेला नव्हता. सगळा माल रद्दीत गेला. त्या दिवसापासून मशिनवर जाणारी प्रत्येक फाइल मी सेपरेशन, म्हणजे एकेका शाईचं वेगळं चित्र, उघडून पाहते. पॅकेजिंगचं काम असं असतं: डाय लाइन (खोका कापायची रेघ), ब्लीड (कापाच्या बाहेर वाढवलेला रंग), घडीवर येणारं अक्षर, बारकोडभोवतीची मोकळी जागा. एआय साधनं यातही शिरतील, शिरतायतच. पण माल रद्दीत गेला की ग्राहकाला फोन लावायला माणूस लागतो, आणि त्या फोनला उत्तर देण्याचे पैसे असतात.

लाल रेघ निम्म्याहून जास्त निघाली, तर तुमचा "दुसरं काही शिकू का" हा प्रश्न खरा आहे आणि तो पुढे ढकलू नका. पण ते दुसरं म्हणजे प्रॉम्प्ट लिहिण्याचा महागडा कोर्स नव्हे, एवढं मात्र ऐका. ती साधनं दर सहा महिन्यांनी चेहरामोहरा बदलतात. दोन शनिवार-रविवार त्यांच्यात घालवा, बास. पॅकेजिंग तुम्ही आधीपासून करता. तिकडे खोल जा. महिन्यातून एकदा छापखान्यात जाऊन मशिनपाशी उभ्या राहा आणि मशिन चालवणाऱ्याला प्रश्न विचारा. मला जे येतं त्यातलं निम्मं मी तिथे शिकले.

नवऱ्याने वाचून दाखवलेला अहवाल वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा, जानेवारी २०२५ चा. त्यांनी वाचलं ते खरं आहे: सर्वांत वेगाने घटणाऱ्या कामांच्या पहिल्या दहाच्या जरासं बाहेर त्यात ग्राफिक डिझायनर आहे. पण त्यांना पुढचं पानही वाचायला सांगा. वेगाने वाढणाऱ्या कामांच्या यादीत यूआय आणि यूएक्स डिझायनर, म्हणजे ॲप आणि वेबसाइटचे पडदे आणि वापर आखणारे, आहेत. शिवाय २०२३ च्या अहवालात हाच ग्राफिक डिझायनर बेताने वाढणाऱ्या कामांत होता. आठशे-हजार मोठ्या कंपन्यांना "पुढे काय होईल असं वाटतं" हे विचारून हे अहवाल होतात. दोन वर्षांत मालकांचं वाटणं एवढं बदललं, हे महत्त्वाचंच आहे. पण ते मालकांचं वाटणं आहे, आणि तुम्ही तर स्वतःच्या मालकीण आहात.

आता एक जुनी गोष्ट, कारण माझ्या डोक्यात ती तुमचं पत्र आल्यापासून फिरते आहे. मी धंद्यात नवी होते तेव्हा आमच्या स्टुडिओत एक ज्येष्ठ गृहस्थ पेस्टिंग करायचे. ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, टाइप यायचा, तो कापून, मागे रबर सोल्युशन लावून ते आर्टवर्कवर चिकटवायचे. शेवटच्या क्षणी करेक्शन आलं की ब्लेडच्या टोकाने एकच स्वल्पविराम कापून दुसरीकडे बसवायचे, आणि तो जागेवर बसेपर्यंत आम्ही श्वास रोखून उभे. दोन अक्षरांमधली जागा डोळ्याने मापायचे आणि केसभर सरकवायचे. मॅकिंटॉश संगणक १९८४ चा, लेझररायटर प्रिंटर आणि पानं मांडायचं पेजमेकर सॉफ्टवेअर १९८५ चे; ती लाट आमच्या खोलीत शिरली तेव्हा त्यांनी दोन महिने माउस धरून पाहिला आणि सोडून दिला. या गोष्टीचा शेवट लोक सहसा गोड करतात: मग त्यांना मानाने बोलावलं, नव्या मुलांना ते शिकवू लागले. तसं काही झालं नाही. ते घरी बसले. पुढची दोन-तीन वर्षं आमच्याकडून एका पानावर आठ-आठ फॉन्ट बाहेर पडत होते, अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढत होती, आणि ज्याची नजर ते पाच मिनिटांत सुधारू शकली असती तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. त्याला कुणी बोलावलं नाही, कारण पगारपत्रकावर त्याच्या नावापुढे 'पेस्टिंग' लिहिलेलं होतं आणि पेस्टिंग बंद झालं होतं. मीही बोलावलं नाही. तेव्हा सुचलंच नाही.

तुमच्या बिलावर सध्या काय लिहिलेलं असतं, ते एकदा बघा. 'बॅनर, नग १८'? 'लोगो क्लीनअप'?

तुमच्या हाताखालच्या मुलाविषयी. त्याला जा म्हणायचं की नाही हे शेवटी तुमच्या बिलांतल्या रेघा ठरवतील. पण एक अडचण आधी पाहा. माप बदलण्याच्या कंटाळवाण्या कामातच तर आपण शिकलो. चौकोनातली मांडणी आडव्या पट्टीत बसवताना काय मरतं आणि काय तरतं, हे मला कुठल्या वर्गात कळलं नाही. साधनाने नेमकी तीच पायरी खाल्ली आहे. ठेवणार असाल तर त्याला दुसरी पायरी बांधून द्या. साधनाकडून दहा पर्याय काढू दे, मग त्याने नऊ बाद करायचे, आणि प्रत्येकापुढे का ते एका ओळीत लिहायचं. "चांगलं वाटत नाही" हे कारण धरायचं नाही. आठवड्यातून एक चिन्ह हाताने, कागदावर. आणि पैसे पुरणार नसतील तर तीन महिने आधी सांगा. शेवटच्या आठवड्यात सांगण्याइतका वाईटपणा कुणी करू नये.

हक्कांचं थोडक्यात, कारण ग्राहक विचारतील. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या प्रकरणात मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिलं, मिडजर्नी या एआय साधनाने बनवलेल्या चित्रांना नाकारलं. जानेवारी २०२५ च्या अहवालातही निव्वळ प्रॉम्प्ट देणं पुरेसं नाही असंच म्हटलं. देशागणिक कायदा वेगळा, तेव्हा लोगो नोंदवायचा असेल तर ग्राहकाला वकिलाकडे पाठवा. टेम्पलेटच्या संग्रहातलं चिन्ह मात्र उद्या त्याचा प्रतिस्पर्धीही वापरू शकतो, एवढं सांगायला वकील लागत नाही. आणि माझा एक नियम, पटला तर घ्या: प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकाराचं नाव लिहायचं नाही. जानेवारी २०२३ मध्ये काही चित्रकारांनी, आपली चित्रं न विचारता एआयला शिकवायला वापरली म्हणून, अशी साधनं बनवणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. कोर्टाचं काय व्हायचं ते होवो, मला तरी ते दुसऱ्याच्या वहीत डोकावण्यासारखं वाटतं.

मागच्या महिन्याच्या त्या ग्राहकाकडे आता जादा पैसे मागू नका. आकडा तुम्हीच कबूल केला होता. पण फोन करून एक विचारा. चित्रातला पक्षी उडायच्या तयारीत आहे की नुकताच येऊन बसलाय, हे मला बराच वेळ पाहूनही कळलं नाही. यंत्राने ते ठरवलेलंच नाही. त्याला कुठला हवा होता?

– ताई